इगा आणि कोगाचं हाडवैर खरं का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, अभ्यास सोडून निंजांचं अ‍ॅनिमे बघत बसतो. त्याचं म्हणणं, इगा आणि कोगा ही दोन निंजा घराणी पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. यात खरं किती? – एक वाचक, नाशिक

उत्तर : फारच थोडं. मुळात ती घराणी नव्हेतच, शेजारशेजारचे दोन डोंगराळ मुलूख होते. इगा जपानमधल्या आजच्या मिए प्रांतात आणि कोका (तिकडे कोकाच म्हणतात, कोगा आपल्याकडे कथा-सिनेमांतून आलं) शिगा प्रांतात, मध्ये काय ती एक डोंगररांग. सोळाव्या शतकात तिथे वरच्या सरदाराचा वचक नावापुरता, गावोगावचे छोटे जमीनदारच एकत्र बसून कारभार बघायचे आणि बाहेरचं कोणी चालून आलं की मिळून लढायचे. इगावाल्यांचा त्या काळचा एक करारनामा अजून शिल्लक आहे, त्यात १७ ते ५० वयाच्या पुरुषांनी लढाईला उभं राहायचं वगैरे नियम आहेत आणि शेवटी चक्क लिहिलंय की कोकाची मदत आपल्याला सगळ्यात महत्त्वाची, तेव्हा दोघांच्या हद्दीवर लवकरच उघड्या माळावर बैठक घेऊ. आता हाडवैरी असं लिहितात होय?

नाही म्हणायला १५८१ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने प्रचंड फौज आणून इगा बेचिराख केलं तेव्हा कोकातले काही जण त्याच्या बाजूने होते. पण पुढच्याच वर्षी नोबुनागा मारला गेला, त्याचा दोस्त सरदार तोकुगावा इएयासू घरापासून लांब मूठभर माणसांनिशी अडकला आणि त्याला डोंगरातून सुखरूप घरी पोचवायला इगा-कोका दोन्हीकडची माणसं धावली. १६७६ चा ‘बान्सेन्शुकाई’ हा शिनोबींचा (म्हणजे निंजांचाच) मोठा ग्रंथ लिहिला इगाच्या माणसाने, पण त्यात विद्या दोन्हीकडची आहे.

आणि ते काळे कपडे, हवेत उड्या, सगळं नाटक-कादंबऱ्यांचं देणं. खरा शिनोबी म्हणजे बहुरूपी, कधी भिक्षू तर कधी फेरीवाला, लोकांत मिसळून बातमी काढायची आणि जिवंत परत यायचं, बस्स. तेही दरवेळी जमायचं असं नाही हं! १६३८ मध्ये दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर शिमाबाराच्या बंडात सरकारी फौजेने कोकाच्या दहा जणांना बंडखोरांच्या हारा किल्ल्याची टेहळणी करायला नेलं, तर आतल्या लोकांची क्यूशूची बोली यांना कळेचना (आपला विदर्भातला माणूस मालवणीत गाठ पडल्यावर बावचळतो ना, तसंच), मग माणसांत मिसळणार कसं. एका रात्री दोघे आत शिरले, एक खड्ड्यात पडला, दुसऱ्याने त्याला ओढून काढलं, जाता जाता तटावरचं एक निशाण उपटलं आणि वरून दगडांचा मारा खात कसेबसे बाहेर आले. मुलाला हा किस्सा सांगून बघा, अ‍ॅनिमेपेक्षा जास्त आवडेल बहुतेक.