आठला गाडी आणि सव्वादहाला गायझर: रोटोरुआच्या 'प्रायव्हेट गायडेड' सहलीबद्दल

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो. मुलीकडे न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये येताय, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत. पुण्याच्या एजंटाने 'प्रायव्हेट गायडेड डे टूर: रोटोरुआची भूऔष्णिक उद्यानं आणि हुका धबधबा' असं एका दिवसाचं पॅकेज दिलंय. सकाळी आठला दारातून गाडी, सव्वादहाला लेडी नॉक्स गायझर (जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं), मग 'ते पुइया' हे रोटोरुआतलं उद्यान, मग हुका, रात्री परत. पूर्ण पैसे आत्ताच भरा म्हणतोय, तर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या हातात पडलेला कागद जवळजवळ शब्दशः असाच होता. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधीच सांगतो, मी पर्यटन व्यवसायातला नाही. बहीण हॅमिल्टनला राहते, त्यामुळे त्या भागात जाणं-येणं होतं, एवढाच माझा अधिकार. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत असतात, त्या त्या उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. व्हिसा, विमा, गरम कपडे यांवर इथे पुष्कळांनी लिहिलंय, त्यात मी शिरत नाही.

पहिली गोष्ट, तुमचं वेळापत्रकच अशक्य आहे. ऑकलंड ते रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर, न थांबता तीन तास. लेडी नॉक्स ज्या उद्यानात येतो ते वाय-ओ-टापू तिथून दक्षिणेला आणखी वीस-पंचवीस मिनिटांवर. आठला निघालेली गाडी सव्वादहाला तिथे पोहोचणारच नाही. आणि लेडी नॉक्स हे थोडं थांबलं की परत उडेल असं कारंजं नाही. तिथला कर्मचारी रोज सकाळी एकदाच, सव्वादहाला, त्याच्या तोंडात साबण टाकतो, त्याने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि खालचं तापलेलं पाणी उसळून वर येतं. १९०१ च्या सुमारास तिथल्या खुल्या तुरुंगातले कैदी गरम पाण्यात कपडे धूत असताना साबणाचा हा परिणाम पहिल्यांदा लक्षात आला, अशी हकिगत तिथे सांगतात. ती वेळ चुकली की सरळ दुसऱ्या दिवशी. शिवाय गायझरची जागा मुख्य उद्यानापासून वेगळी आहे. आधी उद्यानात तिकीट घ्यायचं आणि मग गाडीने तिकडे जायचं, म्हणजे दहाच्या बरंच आधी दारात असायला हवं. ऑकलंडहून हे साधायचं तर सहाच्या सुमारास निघावं लागतं. ज्याने तुमचा कागद लिहिला त्याने नकाशा उघडून पाहिलेला नाही.

आम्हीही हे आधी विचारलं होतं. आमच्या एजंटाच्या कार्यालयातल्या बाईंनी ठामपणे सांगितलं, "सर, आमचे तिकडचे लोक रोज करतात, सगळं बसतं." ते बसलं नाही, पण त्याचं मला इतकं दुःख नाही. गायझर चुकला तर चुकला. खरं नुकसान 'गायडेड' या शब्दाने केलं.

सकाळी गाडी आली, उत्तम गाडी. चालक वेळेवर, सभ्य, काळजीने चालवणारा. हॅमिल्टन मागे पडल्यावर बाबांनी त्याला विचारलं की त्या भागात जमिनीखालचं पाणी इतकं तापतं कशाने. तो म्हणाला, "मला माहीत नाही, मी फक्त गाडी चालवतो." त्याच्याकडच्या कामाच्या कागदावर लिहिलेलं होतं: वाहन आणि चालक, दहा तास. मार्गदर्शक नाही, प्रवेशतिकिटं नाहीत, ते पुइयाचं आरक्षण नाही. वाय-ओ-टापूच्या खिडकीवर आम्ही पुन्हा पैसे भरले. तो बिचारा वाहनतळावर थांबला, त्याचा काडीचा दोष नव्हता.

बाबांची सगळी नोकरी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. आयुष्यभर कोळसा, बॉयलर आणि वाफ. ही सहल त्यांच्यासाठीच ठरवली होती, आणि खासगी मार्गदर्शकासाठी जास्तीचे पैसे मोजले तेही त्यांना मनसोक्त प्रश्न विचारता यावेत म्हणून. नाहीतर गाडी बहिणीनेच चालवली असती. दुपारी हुका धबधब्याकडून परत निघालो तेव्हा वायराकेईजवळ रस्त्याच्या कडेने चकाकते जाडजूड पाइप दिसले, मधूनमधून वाफेचे लोट. बाबा काचेला नाक लावून बघत होते. "हे कुठून येतंय? पाणी वेगळं कुठे करतात?" गाडीत उत्तर देणारं कोणी नव्हतं, आणि दहा तास संपत आले होते म्हणून थांबताही आलं नाही.

ते वायराकेईचं भूऔष्णिक वीज केंद्र. १९५८ मध्ये सुरू झालं. त्याआधी इटलीत लार्देरेल्लोला अशी वीज होत होती, पण तिथे जमिनीतून कोरडी वाफ मिळते. वायराकेईला विहिरीतून वाफ आणि उकळतं पाणी एकत्र वर येतं, ते वेगळं करून फक्त वाफ टर्बाइनला द्यायची, हे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तिथे जमलं. बाबांचा प्रश्न नेमका हाच होता. आणि या विजेची किंमतही तिथेच दिसते. उपसा सुरू झाल्यावर शेजारच्या खोऱ्यातले नैसर्गिक गायझर बंद पडले. रोटोरुआत शहाणपण वेळेत सुचलं. घराघरांतल्या खासगी बोअरमुळे गायझर मंदावत चालले, तेव्हा १९८०च्या दशकात सरकारने ते पुइयातल्या पोहुतू गायझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या आणि कारंजी सावरली. हे सगळं मला नंतर एका स्थानिक मार्गदर्शक बाईंकडून कळलं. बाबा त्या वेळी सोबत नव्हते. त्यांना मी फोनवर सांगितलं, पण पाइपासमोर उभं राहून ऐकण्यात आणि फोनवर ऐकण्यात फार फरक आहे.

भारतात परतल्यावर त्या कार्यालयाकडे पैसे मागितले. ते म्हणाले, सेवा आमच्या मुंबईच्या पुरवठादाराची. मुंबईवाले म्हणाले, आम्ही ऑकलंडच्या कंपनीला जसं कळवलं तसं त्यांनी दिलं. ऑकलंडची कंपनी म्हणाली, आमच्याकडे मागणीच गाडी आणि चालकाची आली होती, आणि त्यांचं म्हणणं कागदावर खरं होतं. म्हणजे 'गायडेड' हा शब्द फक्त आम्हाला विकताना होता, पुढच्या साखळीत तो कुणी पाठवलाच नव्हता. कार्यालयाने शेवटी पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली. पुढची सहल त्यांच्याबरोबर कोण करणार? अजून आठवलं की संताप येतो. म्हातारी माणसं इतक्या लांब पुन्हा पुन्हा जात नाहीत, आणि हे त्या कार्यालयातल्या एकालाही कळल्याचं दिसलं नाही.

म्हणून एजंटाला फोन करू नका, ईमेल करा. त्या दिवशी गाडी प्रत्यक्ष कोणत्या कंपनीची असेल, तिचं नाव मागा. मार्गदर्शक वेगळा असेल की चालकच, आणि चालकच असेल तर तो उद्यानाच्या आत सोबत चालेल की वाहनतळावर थांबेल, हे लेखी घ्या. कोणती प्रवेशतिकिटं रकमेत धरली आहेत, तेही नावानिशी. नाव मिळालं की त्या कंपनीला स्वतः ईमेल करून तुमच्या तारखेला नेमकं काय आरक्षित आहे ते विचारा. नाव द्यायला एजंट का कू करत असेल तर माझ्या मते तिथेच थांबावं. न्यूझीलंडमध्ये पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकाच्या परवान्यावर 'पी' नोंद लागते आणि सेवेचा वेगळा परवानाही लागतो. राखीव सरकारी जमिनीवर लोकांना पैसे घेऊन फिरवायचं तर संवर्धन विभागाची परवानगी लागते. सरळ धंदा करणारा माणूस हे विचारल्यावर रागावत नाही.

चालकाच्या कामाच्या तासांवरही तिथे कायद्याने मर्यादा आहे, चोवीस तासांत तेरा. 'जास्तीचे पैसे देऊ, थोडं थांबा' तिथे चालत नाही. ऑकलंडहून एका दिवसाच्या सहलीत सहा-सात तास नुसत्या रस्त्यात जातात, म्हणून उरलेला वेळ ताणून तीन ठिकाणं बसवणं हा शुद्ध आटापिटा आहे.

माझं स्पष्ट मत: आई-वडील सोबत असतील तर ऑकलंडहून एका दिवसात करूच नका. मुलीची गाडी घ्या किंवा बसने या, रोटोरुआत एक मुक्काम करा आणि खासगी मार्गदर्शक तिथलाच घ्या. तुम्हीही गाडी चालवू शकता, भारतीय परवाना इंग्रजीत असला की चालतो आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. काहींना घाईची सहलही आवडते, त्यांच्याशी माझा वाद नाही.

दिवसाला एकच भूऔष्णिक उद्यान आणि एकच धबधबा पुरे. रंग बघायचे असतील तर वाय-ओ-टापू. तिथलं शॅम्पेन पूल सुमारे ६५ मीटर रुंद आहे, पृष्ठभागाचं तापमान ७४ अंशांच्या आसपास, आणि काठाला केशरी कड आहे ती अँटिमनी आणि आर्सेनिकच्या संयुगांची. तीन वाटांपैकी पहिली, सुमारे दीड किलोमीटरची, एवढीच आई-वडिलांसाठी धरा. मुख्य रंग त्यातच दिसतात, थोड्या पायऱ्या मात्र आहेत. तिथून त्याच रस्त्याने दक्षिणेला गेलात की हुका. सुमारे शंभर मीटर रुंदीची वायकाटो नदी पंधराएक मीटरच्या खडकाळ घळीत शिरते आणि सेकंदाला दोन लाख लिटरहून जास्त पाणी अकरा मीटर खाली झोकून देते. उंची ऐकून नाक मुरडू नका, पुलावर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वाहनतळापासून जवळ आहे, तिकीट नाही, गुडघेदुखीवाल्यांना झेपतं.

सपाट वाटा आणि माणसांच्या गोष्टी हव्या असतील तर ते पुइया किंवा शेजारचं फाकारेवारेवा गाव. दोन्हीकडे त्यांचेच माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे, मार्गदर्शक फिरवतात, बाहेरचा मार्गदर्शक घेऊन तिथे दुप्पट पैसे घालवू नका. पोहुतू तीस मीटरपर्यंत उडतो, दिवसातून अनेकदा, त्यामुळे सव्वादहाची धावपळ नाही. गावात माणसं अजून राहतात आणि वाफेवर रांधतात. आमच्या आईला त्या उकळत्या कुंडात शिजवलेलं मक्याचं कणीस सगळ्यात आवडलं. शाकाहारी असाल तर हांगीच्या, म्हणजे जमिनीच्या उष्णतेवर शिजवलेल्या माओरी जेवणाबद्दल आधी विचारून घ्या, त्यात सहसा मांस असतं. या बाजूला धबधबा हवा तर उत्तरेला ओकेरे आहे, तिथे सात मीटरच्या कड्यावरून राफ्टिंगवाले खाली पडताना दिसतात.

मार्गदर्शक हवाच, असं मी का म्हणतो? तिथे हा धंदा काल सुरू झालेला नाही. १८८६ च्या आधी जगभरचे लोक तारावेरा ज्वालामुखीजवळचे गुलाबी आणि पांढरे सिलिकाचे सोपान (पायऱ्यांसारखे थर) बघायला येत, तेव्हा 'ते पेआ हिनेरांगी' नावाची मार्गदर्शक, जिला सगळे सोफिया म्हणत, त्यांना घेऊन जाई. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा फुटला, सोपान नाहीसे झाले, सुमारे १२० माणसं गेली. ते वाइरोआ गावातल्या सोफियाच्या मजबूत घरात साठाहून अधिक माणसं वाचली. पुढे तिने फाकारेवारेवात पाहुण्यांना फिरवलं. आजही त्या गावात फिरवणारे त्याच परंपरेने बोलतात. हे ऐकायला मिळणार नसेल तर खासगी सहलीचे पैसे कशाचे?

काही किरकोळ गोष्टी. तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि चांदी काळी पडते. आईंची जोडवी, पैंजण घरीच ठेवा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. वज्रेश्वरी-गणेशपुरीची सवय असलेली आपली माणसं पाण्यात हात घालायला जातात. या उद्यानांत ते अजिबात नको, आणि कठड्याच्या बाहेर पाऊलही नको, वरचा थर पातळ असतो. विमानतळावर भाकरवडी, लाडू, मसाले, सगळं खाणं जाहीर करा. जाहीर न केल्यास जागेवर ४०० डॉलर दंड होतो. मातीचे बूटही धुऊन आणा.

तुम्ही आगाऊ रक्कम भरलीच असेल तर घाबरू नका. कागदावरचा 'गायडेड' शब्द आणि आठ-सव्वादहाचं वेळापत्रक दोन्ही दाखवून लेखी दुरुस्ती मागा, आणि दुरुस्ती जमत नसेल तर परतावा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते, एजंटाचं कार्यालय कुठेही असो. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारा. पण जे करायचं ते निघण्याच्या आधी करा. आम्ही परतल्यावर भांडलो तेव्हा 'सेवा तर घेतलीत ना' हे एकच उत्तर त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांना पुरलं. पॅकेजचा मजकूर नावं झाकून इथे टाकलात तर मी ओळ न् ओळ वाचून सांगेन.