नवीन अलाइनर लावताय? आधी एवढं सांभाळा

अलाइनर म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, एकामागून एक संच बदलत घालायचे. रोज 20 ते 22 तास दातांवर हवेतच. तास कमी पडले की पुढचा संच बसत नाही. नव्या संचात दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात फट दिसली तर च्युई (अलाइनर नीट बसवायला चावायचा मऊ तुकडा) नीट चावा. तरीही फट राहिली तर पुढचा संच न घालता डॉक्टरांना दाखवा. मागचा संच जपून ठेवा, चालू संच हरवला तर तोच कामी येतो.

काढताना दाढेच्या आतल्या बाजूने बोटाने सोडवा, पुढून ओढलं की तडा जातो.

आणि आपलं नागपूरचं ऊन! मे महिन्यात अलाइनरची डबी बंद कारमध्ये ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. गरम पाण्यानेही तेच. तर्री-पोहे खाताना काढाच, हळदीचा पिवळेपणा सहज जात नाही. संत्र्याचा रसही अलाइनर घालून पिऊ नका, आत साचून दात किडतात.