किमोनंतर पीएसए पुन्हा वाढतोय, आता पुढे काय?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील 71 वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला, डोसिटॅक्सेल या किमोचे 6 डोस झाले आणि चार महिन्यांत पीएसए (या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 6 वरून 21 वर गेला. डॉक्टरांनी गोळ्या, दुसरी किमो आणि ल्युटेशियम (किरणोत्सर्गी औषध) असे तीन पर्याय ठेवलेत आणि घरात एकमत होत नाही.

औषधांची तुलना नंतर करा. आधी काय काय देऊन झालंय ते फाइलीतून काढून तारखांसकट एका कागदावर लिहा. किमोच्या आधी किंवा सोबत अबिराटेरोन किंवा एन्झाल्युटामाइड हे पुरुषी हार्मोन रोखणारं गोळ्यांचं औषध होतं का आणि ते किती महिने चाललं, यावर बरंच ठरतं.

घेतलंच नसेल, तर त्यातली एक गोळी हा बहुतेकदा पहिला विचार. पण एक गोळी चालू असताना वर्षाच्या आतच आजार वाढला असेल, तर नुसती दुसरी लावून वेळ घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. 2019 मध्ये निकाल आलेली 'कार्ड' नावाची चाचणी नेमक्या अशाच रुग्णांवर झाली. काबाझिटॅक्सेल या दुसऱ्या किमोवर स्कॅनमध्ये आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ 8 महिने होता, गोळी बदललेल्यांत 3.7. ही किमो दर तीन आठवड्यांनी असते. पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून त्या वाढवणारं इंजेक्शन सोबत द्यायला सांगा. ताप 100.4 वर गेला की घरी क्रोसिन देऊन थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

ल्युटेशियम द्यायचं ते, पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी दाखवणारं स्कॅन) गाठी नीट उजळल्या तरच. दर सहा आठवड्यांनी एक, असे 4 ते 6 डोस. तोंड कोरडं पडतं, प्लेटलेट उतरतात. त्यासाठी मुंबईला जावं लागलं, तर कोकणकन्येतली रात्र त्यांना झेपेल का, तेही हिशेबात धरा.

बीआरसीए जीनची तपासणी आताच करून घ्या. बायोप्सीचा ब्लॉक (जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मिळवायला दिवस लागतात. तो जुना झाला असेल तर रक्तावरही होते. बदल सापडला तर, हार्मोनची गोळी निकामी ठरल्यावर ओलापॅरिब या औषधाचा मार्ग मोकळा होतो. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोनही मोजा. तो 50 (नॅनोग्रॅम/डेसिलिटर) च्या खाली हवा, आणि तो दाबणारं हार्मोनचं इंजेक्शन चालूच ठेवायचं.

अबिराटेरोन ठरलं तर खरी चूक घरात होते. पूर्ण डोस म्हणजे 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, उपाशीपोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही नाही. दुधाचा चहा आणि पावसुद्धा खाण्यातच येतात. सकाळी सहाला पाण्याबरोबर गोळ्या, सातनंतर चहा, हे जमतं. प्रेडनिसोलोन मात्र खाऊन घ्यायची. पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, पाय सुजतात; म्हणून पेजेबरोबरचं खारं आणि लोणचं कमी करा. लिव्हरची तपासणी पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी.

खर्चासाठी गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड रिन्यू आहे का बघा, आणि ठरलेलं औषध त्यात बसतं का ते सुरू करण्याआधी विचारा.

एका गोष्टीची मला फार काळजी वाटते. पाठ दुखून पाय लुळे पडायला लागले किंवा लघवी अडली, तर मणक्यात नस दाबली जात असू शकते. तशी शंका आली तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या.