सि.स.नं., मिळकत क्रमांक आणि गल्लीचं नाव: घराचा खरा पत्ता कोणता?

तुमचा प्रश्न असा : पुण्यात पेठेतलं वडिलोपार्जित घर नावावर झालं, पण उताऱ्यावर एक नंबर, घरपट्टीच्या बिलावर दुसरा, दारावरच्या पत्र्यावर तिसराच. आणि कॉर्पोरेशनने गल्लीला दिलेलं नाव कुठल्याच कागदावर नाही. मग यातलं खरं काय?

सगळंच खरं आहे. प्रत्येक नंबर निराळ्या खात्याने निराळ्या कामासाठी घातलाय, आणि घर शोधून देणं हे त्यातल्या एकाचंही काम नाही. मी एका नगरपरिषदेच्या करविभागात असताना बिलं वाटत पुष्कळ हिंडलोय, त्यामुळे ही रड माझ्या चपलांनाही ठाऊक आहे.

उताऱ्यावरचा सि.स.नं. म्हणजे सिटी सर्व्हे नंबर. तो भूमी अभिलेख खात्याचा, आणि तो घराचा नसून जमिनीच्या तुकड्याचा. मोजणी ज्या क्रमाने पुढे सरकली त्या क्रमाने आकडे पडले. म्हणून पुढचा आकडा शेजारच्या दारावर सापडेल याची खात्री नाही, तो मागच्या बोळातही निघतो. सदाशिव पेठेत हे आकडे दोन हजारांच्या पुढे जातात. वाड्याच्या वाटण्या झाल्या की त्याच आकड्याला शेपट्या लागतात, आणि वाडा पाडून इमारत उठली की सगळे फ्लॅट एका आकड्याखाली. पेठेतले लोक पत्ता म्हणून हाच आकडा लिहीत आले : आकडा, पेठ, पुणे 30, झालं. मध्ये रस्त्याचं नाव नाहीच.

बिलावरचा मिळकत क्रमांक कर आकारणीचा. पुण्यात तो विभाग, पेठ आणि खाते अशा तीन भागांत असतो. गंमत म्हणजे जिथे पेठ कधी नव्हती त्या उपनगरांनाही त्या रकान्यात 'पेठ' आहे! एका सि.स.नं.वर दहा कर खाती असू शकतात. बिल तुमच्या नावाने येतं म्हणून घर तुमचं ठरत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. कर बेकायदा बांधकामालाही लागतो.

दारावरचा पत्रा बहुधा जुन्या घरमोजणीचा असेल. तो सोडून द्या.

आधी आखणी आणि मग घरं असं जिथे झालं, तिथे चित्र वेगळं दिसतं. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना सरळ क्रमांक आहेत, त्यामुळे अमुक नंबरची गल्ली म्हटलं की नवखा माणूसही पोचतो. पेठांत घरं आधी आणि नंबर नंतर, तिथे अशी अपेक्षाच करू नये.

आता नाव. महानगरपालिकेच्या कायद्यानुसार (मूळ 1949 चा) रस्त्याचं नाव आणि घराचा क्रमांक ठरवण्याचा अधिकार आयुक्तांचा, पण नावाला महापालिकेच्या सभेची मान्यता लागते. व्यवहारात नगरसेवक प्रस्ताव देतो, तो नाव समितीपुढे जातो, मंजूर झाला की पाटी लागते आणि नारळ फुटतो. माझ्या मते ही नावं इतक्या सहज दिली जातात, कारण आपल्याकडे घराचा नंबर रस्त्याला बांधलेलाच नाही. नाव बदललं तरी कुणाचा उतारा बदलत नाही, कुणाचं बिल अडत नाही. लोकांच्या तोंडीही ते बसतंच असं नाही. फर्ग्युसन रस्ता कागदोपत्री गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाचा आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा.

एका बाबतीत मात्र नाव बदलणं पाटीपुरतं नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. तिथे नुसता पत्ता सांगितला तरी जात कळत होती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खरेदीखत, बक्षीसपत्र, कर्ज यांसाठी सि.स.नं. आणि मिळकत पत्रिका (म्हणजे तोच उतारा, प्रॉपर्टी कार्ड). कर भरायला आणि बिलावरचं नाव बदलायला मिळकत क्रमांक. उताऱ्यावर नाव लागलं म्हणून बिलावर आपोआप लागत नाही, तो अर्ज वेगळा करावा लागतो. आणि कुरिअरवाल्यासाठी पेठ, पिन कोड नि 'अमुक मारुतीसमोर' एवढं लिहा.