लंडनमधल्या जुन्या विटांच्या गोदामांचा कायापालट खरा, की नुसता देखावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. किंग्ज क्रॉससारख्या भागात जुनी गोदामं राखून शहर नव्यानं वसवणं खरंच जमलंय का, आणि जुन्या विटेशेजारी नवी वीट शोभते का. मी नऊ वर्षं लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतोय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रोज हात त्यातच असतो.

जुन्या-नव्याची जुळणी म्हटली की लोक विटेचा रंग बघतात. मी आधी दरज बघतो, म्हणजे दोन विटांमधला सांधा. लंडनची जुनी पिवळसर वीट मातीत खडू आणि राख कालवून भाजलेली, मऊ, पाणी पिणारी. ती चुन्यात बसवलेली असते. भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी चुन्याच्या दरजेतून सावकाश बाहेर पडतं. मग कधीतरी कुणीतरी पक्कं काम करायचं म्हणून त्या दरजा सिमेंटनं भरतं. पाण्याची वाट बंद झाली की ते विटेतून बाहेर यायला बघतं, हिवाळ्यात तिथंच गोठतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. एका भिंतीवर मी सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या पाहिल्या, विटा मात्र बोटभर आत गेलेल्या. हात फिरवला तर तळव्यावर पिवळा भुगा. नाशिकच्या आमच्या घराच्या भिंतीला लोणा लागला होता, तेव्हा गवंड्यानं वरून सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत गिलावा विटांचे टवके घेऊन खाली आला. तिथं बर्फ नव्हता, क्षारांनी तेच केलं.

चुन्यातली वीट सुटी करून, साफ करून परत लावता येते. सिमेंटमधली काढायला गेलं की बहुतेकदा फुटते. म्हणून जुन्या भिंतीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चुन्याचं विचारतो, विटेचं नंतर.

आता किंग्ज क्रॉस. लुईस क्यूबिटनं बांधलेली तिथली धान्याची वखार १८५२ची. शेजारी कोळशाची गोदामं: आगगाडी वरच्या मजल्यावर यायची, कोळसा खालच्या कप्प्यांत ओतायची आणि तळाशी गाड्या भरल्या जायच्या. रेल्वेची मालवाहतूक ओसरली तसा हा सगळा भाग, सुमारे ६७ एकर, ओस पडत गेला. नव्वदच्या दशकात त्याच गोदामांत रात्रीचे क्लब चालत. २०११मध्ये वखारीत सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय आलं, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तो होता. दुकानांच्या आधी विद्यार्थी आले. समोर जिथं पूर्वी कालव्यातले पडाव लागत, तिथं आता १,०८० कारंजी आहेत. उन्हाळ्यात आजूबाजूची पोरं त्यांत फुकट भिजतात. फरसबंदीत जुन्या रुळांच्या खुणा राखल्या आहेत. कोळशाच्या गोदामांत २०१८मध्ये बाजारपेठ सुरू झाली. हेदरविक स्टुडिओ या वास्तुरचनाकारांच्या संस्थेनं दोन लांब इमारतींची छपरं मध्ये वाकवून एकमेकांना टेकवली आहेत. छप्पर मला आवडतं. दुकानं मात्र भोवतालच्या वस्तीतल्या बऱ्याच जणांच्या खिशाला झेपणारी नाहीत, आणि ते मला खटकतं. बॅटरसीच्या वीजकेंद्रात तर हे जास्तच जाणवतं. १९८३मध्ये बंद पडलेली ती प्रचंड इमारत दुकानं, कचेऱ्या आणि घरं होऊन २०२२मध्ये उघडली, वीटकामाची दुरुस्ती मन लावून केलेली आहे, पण त्या प्रकल्पातल्या परवडणाऱ्या घरांचा आकडा २०१७मध्ये ६३६ वरून ३८६ वर आणला गेला. भिंती वाचल्या, घरं घटली.

नव्या विटेचं मला पटलेलं उदाहरण टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाचं, तेही जुन्या वीजकेंद्रातच आहे. २०१६मध्ये हर्झॉग आणि द म्यूरोन या वास्तुरचनाकारांनी त्याला लागून दहा मजल्यांची इमारत उभी केली. तिच्यात ३,३६,००० विटा आहेत, अंतर सोडून जाळीसारख्या रचलेल्या. दिवसा उजेड आत झिरपतो, रात्री आतला दिवा बाहेर दिसतो. जुन्या भिंतीची नक्कल नाही, पण नातं कळतं.

याउलट, लंडनभर उगवलेल्या कितीतरी नव्या इमारतींत वीट म्हणजे काँक्रीटच्या पाटीवर चिकटवलेली पातळ चकती असते. ओळखायचं कसं? जुन्या जाड भिंतीत विटेची लांब बाजू आणि आखूड तोंड आलटून पालटून दिसतं, कारण विटा भिंतीत आडव्या घुसवून आतला-बाहेरचा भाग बांधलेला असतो. नव्यात बहुधा नुसत्या लांब बाजू, आणि मधूनच वरपासून खालपर्यंत रबरी फट गेलेली.

हे सगळं बघताना मला गिरणगाव आठवतं. १९९१च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१मध्ये नियम बदलला आणि हा हिशेब गिरणीच्या आवारातल्या फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू झाला. लोकांच्या वाट्याची जमीन आकसली. काही ठिकाणी चिमणी तेवढी राखली, भोवती मॉल आला.

तुम्ही लंडनला आलात तर किंग्ज क्रॉसला संध्याकाळी जा. वखारीच्या भिंतीजवळ उभे राहा, विटांच्या दरजेवर नख घासून बघा. चुना असेल तर नखाला पांढरं लागेल.