वाटी भरलेली दिसते, पण दाणा आहे का?

प्रश्न : आमच्याकडे झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आहेत. गणपतीला आम्ही पाच दिवस कणकवलीला गावी जातो. एरवी सासूबाई घरी असायच्या, यंदा त्याही येणार आहेत. समोरच्या काकू 'मी बघीन' म्हणतात, पण त्यांनी पक्षी कधी पाळलेले नाहीत. ह्यांचं म्हणणं, मोठ्या वाट्यांत भरपूर दाणा-पाणी ठेवलं की पाच दिवस सहज निघतील, काकूंना कशाला त्रास? काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकूंना हो म्हणा, आणि आजच म्हणा. पाच दिवस कुणीही न येता फिंच ठेवायचे नाहीत, मग वाटी कितीही मोठी असो.

कारण सांगते. फिंच दाणा सोलून खातो. चोचीत दाणा फिरवतो, आतला गर गिळतो आणि टरफल तिथंच वाटीत टाकतो. ही टरफलं हलकी असल्यामुळे वरच साचत जातात आणि वाटी काठोकाठ भरलेली दिसते. खाली दाणे असले तरी त्या थरातून ते शोधायला पक्षी कंटाळतात, आणि कित्येकदा खाली काहीच उरलेलं नसतं. पक्षी पाळणाऱ्या घरांत सर्वात जास्त फसगत होते ती इथं. 'दाणा होता हो, तरी मेले,' असं लोक हळहळून सांगतात, तेव्हा वाटीत बहुतेक वेळा नुसता कोंडा असतो. झेब्रा फिंचचं वजन जेमतेम 12 ते 15 ग्रॅम. अंगात साठा असा नाहीच. एक आख्खा दिवस दाणा मिळाला नाही तर तो दगावू शकतो.

म्हणून काकूंना एकच गोष्ट नीट शिकवा : वाटी बाहेर काढायची, बाल्कनीत किंवा मोरीत नेऊन वरून हलकी फुंकर मारायची, कोंडा उडाला की बोटानं तळ चाचपायचा. दाणा बोटाला गुळगुळीत आणि टणक लागतो, टरफल चुरचुरतं. फुंकर मारताना तोंड थोडं बाजूला ठेवायला सांगा, धूळ डोळ्यांत जाते. निघायच्या आधी दोन-तीन दिवस हे त्यांच्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. नुसतं तोंडी सांगून जाऊ नका.

प्रमाण म्हणाल तर एका पक्ष्याला दिवसाला साधारण एक लहान चमचा दाणा लागतो. चार पक्ष्यांना चार चमचे झाले, पण तुम्ही त्याच्या दुप्पट ठेवा आणि एका वाटीऐवजी दोन वाट्या लांब लांब लावा. जोड्यांत एखादा दांडगा नर असतो, तो वाटीपाशी कुणाला फिरकू देत नाही. राळे, थोडी बाजरी, असेल तर कॅनरी सीड, रोज घालता तेच मिश्रण राहू द्या. प्रवासाच्या तोंडावर नवीन दाणा सुरू करू नका. मिळालं तर राळ्याचं आख्खं कणीस आत टांगून जा. ते टोचत बसणं त्यांना फार आवडतं आणि वाटीत काही गडबड झाली तर तेवढाच आधार.

भाद्रपदात हवा दमट असते हे मात्र लक्षात ठेवा. दाणा ताजा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वास घेऊन बघा. कुबट वास आला तर तो डबा काकूंच्या हाती देऊच नका. बुरशी लागलेल्या दाण्यानं पक्षी मरतात. उकडलेलं अंडं आणि भिजवलेला दाणा ह्या पाच दिवसांत बंद. दोन्ही काही तासांत आंबतात आणि काकूंना ते कळणार नाही. कोथिंबिरीची काडी चालेल, पण सकाळी लावली तर संध्याकाळी काढायची. समुद्रफेसाचा तुकडा जाळीला अडकवून जा, त्याकडे कुणाला बघावं लागत नाही.

पाणी रोज बदलायचं, दोन वेळा जमलं तर उत्तमच. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातले, त्यामुळे 'ह्यांना पाणी कमीच लागतं' असं कुणी सांगेल. ऐकू नका. पिंजऱ्यात सुका दाणा खाऊन राहायचं तर पाणी हवंच. उघड्या वाटीत ते अंघोळ करतात, विष्ठा पडते, दाणे पडून फुगतात. म्हणून एक उघडी वाटी आणि एक बाहेरून लावायची नळी, असं दोन्ही ठेवा. नळी नवीन असेल तर आतापासूनच लावा, म्हणजे त्यातून पिताना तुम्हाला दिसतील.

काकूंनी पिंजऱ्याचं मोठं दार उघडायचंच नाही. फिंच हातावर येणारा पक्षी नाही, फट दिसली की सुर्रकन निघतो. वाट्या छोट्या सरकत्या दारातून काढायच्या, आणि त्या दाराला कपड्यांचा चिमटा लावायचा.

आता घराचं. गावी जाताना आपण खिडक्या लावतो, पडदे ओढतो, मेन स्विच बंद करतो. पक्षी घरात असताना असं करू नका. अंधारात फिंच खात नाहीत, आणि बंद घर तापतं. जाळी असलेली एक खिडकी उघडी राहू द्या, पिंजऱ्यापर्यंत दिवसाचा उजेड येऊ द्या. बाल्कनीत मात्र पिंजरा ठेवू नका. मांजर, घूस, कावळा, कुणीही येऊ शकतं. मुंग्यांसाठी पिंजऱ्याजवळ तो खडू ओढू नका, त्यात कीटकनाशक असतं. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

एक कागद लिहून पिंजऱ्याला बांधा : रोज चार पक्षी मोजायचे. कुणी दिवसा पिसं फुलवून तळाशी बसलेला दिसला तर लगेच फोन करायचा. सणात दवाखाने बंद असतात, तेव्हा पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारून त्यांचा नंबर त्याच कागदावर लिहा. आणि शेवटी, प्रसाद द्यायचा नाही. काकू मायेनं मोदकाचा तुकडा घालतील, म्हणून हे स्पष्ट लिहाच.

पक्षी काकूंच्या घरी न्यायचे का, हेही तुमच्या मनात असेल. शक्यतो जागा बदलू नका. नवीन जागी ते बिचकतात, खाणं कमी करतात. दुकानात ठेवायला देणं तर मला मुळीच पटत नाही. तिथं दहा ठिकाणचे पक्षी येतात आणि आजार घेऊन येतात.

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस बाहेर जायचं आहे. आमच्या झेब्रा जोडीनं नुकतं घरटं धरलंय, अंडी अजून नाहीत. शेजारी दाणा-पाणी करतील. चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घरटं आत्ताच काढून घ्या. अंडी घातल्यावर साधारण 12 ते 14 दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आणि मग आई-बाप दिवसभर त्यांना भरवत असतात. त्या काळात वाटी अर्धा दिवस जरी रिकामी राहिली तरी पिल्लं जातात. एवढी जबाबदारी शेजाऱ्यांवर टाकणं बरं नाही. अंडी झालीच तर घरातलं कुणीतरी मागं राहावं.

दिवाळी आहे, तेव्हा फटाक्यांचंही बघा. आवाजानं हे पक्षी रात्री अंधारात पिंजऱ्याच्या जाळीवर आपटतात, पंख मोडून घेतात. पिंजरा आतल्या खोलीत न्या, तीन बाजूंनी चादर टाका आणि रात्रभर झिरोचा बल्ब चालू ठेवायला सांगा, म्हणजे दचकले तरी त्यांना परत दांडीवर बसता येईल.