छोट्या कंपनीने आयडेक्सच्या अनुदानामागे लागावं का?

तुमचं भोसरीत छोटं इलेक्ट्रॉनिक्स युनिट आहे आणि संरक्षण संशोधनासाठी सरकारी पैसा मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळू शकतो. २०१८ साली संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स ही योजना सुरू झाली तीच मुळी स्टार्टअप, एमएसएमई आणि एकेकट्या संशोधकांसाठी. सेनादलं आपली अडचण ‘चॅलेंज’ म्हणून जाहीर करतात. तुमचा उपाय निवडला गेला, तर प्रोटोटाइपसाठी दीड कोटीपर्यंत अनुदान. आयडेक्समधल्याच मोठ्या गटांत, म्हणजे प्राइममध्ये १० कोटी, अदितीमध्ये २५ कोटींपर्यंत.

पहिल्याच अर्जाला मोठ्या आकड्यांच्या नादी लागू नका. अनुदानाच्या जोडीला तुमचाही वाटा घालावा लागतो. शिवाय पैसे एकरकमी येत नाहीत, ठरलेला टप्पा पूर्ण होऊन तपासला गेला की पुढचा हप्ता. मधल्या काळात पगार आणि सप्लायरची बिलं थांबत नाहीत. तेवढं खेळतं भांडवल बाजूला काढता येत नसेल, तर सध्या थांबा, असंच मी सांगेन.

डीआरडीओच्या टीडीएफमध्ये, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधीत, खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, पण तिथे आयपी, म्हणजे बौद्धिक संपदेची मालकी, डीआरडीओशी सामायिक असते. कुठल्याही योजनेत आयपीची कलमं सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या.

लोक सर्वांत कमी लेखतात ते चाचण्यांना. आम्ही वाहनावर बसवायचा एक कंट्रोल बॉक्स केला होता. वर्कशॉपमध्ये तो बिनतक्रार चालायचा. जेएसएस ५५५५५ या लष्करी उपकरणांच्या चाचणी-मानकाप्रमाणे सॉल्ट फॉग (खारट धुक्याच्या) चेंबरमध्ये ठेवून बाहेर काढला, तेव्हा सर्किट ठणठणीत होतं, पण कनेक्टरच्या स्क्रूंभोवती गंज धरलेला. स्क्रू बदलले, गॅस्केट बदललं, त्यासाठी केसिंगचं ड्रॉइंग बदललं, आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून केसिंग, कनेक्टर आणि ईएमआय-ईएमसी (उपकरणांचा एकमेकांना होणारा विद्युतचुंबकीय अडथळा तपासणाऱ्या चाचण्या) यांचा खर्च सुरुवातीच्या बजेटमध्येच धरा. पुण्यात एआरएआय आणि खारघरला समीर या संशोधन संस्थांमध्ये ईएमसी चाचणीची सोय आहे. स्लॉट मात्र वेळेवर बुक करा.

आणि नुसतं चॅलेंजचं पान वाचून अर्ज भरू नका. उपकरण जे वापरणार आहेत त्यांच्याशी बोलायची संधी मिळाली तर ती सोडू नका. हातमोजे घालून स्विच दाबता येतो का, अंधारात बॅटरी बदलता येते का, हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं. आमचं डिझाइन सुधारलं ते अशा प्रश्नांमुळेच.

प्रोटोटाइप पास झाला म्हणजे ऑर्डर आली, असंही धरून चालू नका. डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीमध्ये आयडेक्सच्या उत्पादनांच्या खरेदीसाठी वेगळी वाट ठेवली आहे आणि ती नेहमीच्या वाटेपेक्षा आखूड आहे. तरीही मंजुरी, संख्या, किंमत या पायऱ्या चढाव्याच लागतात. तोवर युनिट जगलं पाहिजे, म्हणून त्याच सर्किट बोर्डाला रेल्वेत किंवा खाणीतल्या वाहनांत गिऱ्हाईक आहे का, ते आत्तापासून बघायला लागा.